निकालानंतर काय? नवोदितांच्या एकांकिकेला उपयोगी पडेल असा अभिप्राय

नाशिकच्या एका प्रमुख नाट्यगृहाला महाकवी कालिदासाचे नाव आहे. हा महाकवीही एके काळी नवोदितच होता. 'मालविकाग्निमित्र' हे त्याचे सुरुवातीचे नाटक मानले जाते. त्याच्या प्रस्तावनेत सूत्रधाराचा सहकारी शंका काढतो, की भासासारखे नामवंत कवी असताना या आजकालच्या कवीच्या नाटकाला एवढा मान कशासाठी? त्यावर सूत्रधार त्याला समजावतो, की जुनेपणा किंवा नवेपणा हा गुणवत्तेचा निकष नव्हे. कृती पारखूनच मत बनवावे. जवळपास दीड हजार वर्षांपूर्वीचा हा संवाद हौशी रंगभूमीला आजही लागू पडतो. मात्र त्यात एक प्रश्न अनुत्तरित राहतो. नवी कृती पारखायची म्हणजे नेमके काय करायचे? आणि पारखून झाल्यावर ती लिहिणाऱ्याला काय सांगायचे, कसे सांगायचे?

महाराष्ट्रात हा प्रश्न दरवर्षी शेकडो तरुणांच्या वाट्याला येतो. याचे कारण आपल्याकडील स्पर्धांची परंपरा. हौशी कलावंतांसाठीची राज्य नाट्य स्पर्धा १९५४ मध्ये सुरू झाली. तिच्या प्राथमिक फेरीचे एक केंद्र नाशिक आहे. १८४० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाच्या परशुराम साईखेडकर नाट्यगृहात या फेरीचे प्रयोग नाशिककरांनी वर्षानुवर्षे पाहिले आहेत. ही स्पर्धा पूर्ण लांबीच्या नाटकांची. तिच्या जोडीला महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा आहेत. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने १९६३ मध्ये सुरू केलेला पुरुषोत्तम करंडक हे त्यातील सर्वांत जुन्या नावांपैकी एक, तर २०१४ मध्ये सुरू झालेल्या लोकसत्ता लोकांकिका स्पर्धेत नाशिक विभागाची स्वतंत्र फेरी होते. मराठी रंगभूमीवरील कित्येक लेखक, दिग्दर्शक आणि नट याच शिडीवरून वर चढले.

शिरवाडकर आणि कानेटकर यांच्या या गावात लेखनाची परंपरा अर्थातच जुनी आहे. कुसुमाग्रजांनी पुढाकार घेऊन १९५० मध्ये स्थापन केलेल्या लोकहितवादी मंडळाने हौशी नाटकाला घर दिले. अलीकडच्या काळात दत्ता पाटील यांनी लिहिलेले आणि सचिन शिंदे यांनी दिग्दर्शित केलेले 'हंडाभर चांदण्या' हे पाणीटंचाईवरील नाटक नाशिकच्याच मातीतून उभे राहिले आणि राज्यभर पोहोचले. असे लेखक घडतात तेव्हा त्यांच्यामागे स्पर्धांमधील अनेक अर्ध्याकच्च्या संहिता असतात. त्या संहितांना कोणी काय म्हटले, यावर पुढची संहिता लिहिली जाणार की नाही, हे पुष्कळदा ठरते.

निकाल वेगळा, अभिप्राय वेगळा

स्पर्धेत परीक्षकाचे पहिले काम निकाल देणे हे असते. निकाल ही तुलना आहे. दहा एकांकिकांमध्ये कोणती सरस, हे त्यातून कळते. एकांकिका कुठे उभी राहिली आणि कुठे कोसळली, हे मात्र त्यातून कळत नाही. ते सांगणे हे अभिप्रायाचे काम. या दोन गोष्टींची गल्लत झाली, की पारितोषिक न मिळालेल्या संघाला आपले सारेच चुकले असे वाटते आणि मिळालेल्या संघाला आपले काहीच चुकले नाही असे वाटते. दोघांचेही नुकसान होते.

सप्टेंबर २०२२ मध्ये पुरुषोत्तम करंडकाच्या अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी एकाही संघाला करंडक न देण्याचा निर्णय जाहीर केला. करंडकाच्या दर्जाची एकांकिका आढळली नाही, अशी त्यामागची भूमिका होती. त्यावर मोठी चर्चा झाली. दर्जाबाबत तडजोड न करणे हे स्पर्धेच्या परंपरेला धरूनच झाले, असे काहींचे म्हणणे पडले. दोन वर्षांच्या साथीनंतर पुन्हा रंगमंचावर आलेल्या मुलांना हा धक्का अनाठायी होता, असे इतरांचे म्हणणे. दोन्ही बाजूंना तथ्य आहे. तरीही आपल्या विषयापुरता मुद्दा निराळाच आहे. करंडक दिला किंवा राखून ठेवला, तरी त्या रात्री घरी परतणाऱ्या विद्यार्थी लेखकाच्या हाती पुढच्या लेखनासाठी काय उरते? दर्जा कमी पडला, एवढे वाक्य त्याला पुढची ओळ लिहायला मदत करत नाही. कोणत्या प्रवेशात, कोणत्या कारणाने कमी पडला, हे कळले तर मदत होते.

संहिता ही अपुरी वस्तू

एकांकिकेवर बोलणे कादंबरीवर बोलण्यापेक्षा अवघड का, हे समजून घेतले पाहिजे. कादंबरी वाचकाच्या हाती पडते तेव्हा ती पूर्ण झालेली असते. संहिता ही दुसऱ्यांनी करावयाच्या कृतीची सूचना असते. ती नटांच्या तोंडी जाते, दिग्दर्शक तिला वळण देतो, प्रकाशयोजना आणि पार्श्वसंगीत तिच्यात भर घालतात किंवा तिला झाकून टाकतात. त्यामुळे प्रयोग फसला तर दोष लेखनाचा की सादरीकरणाचा, हे चटकन सांगता येत नाही. वीस मिनिटे रटाळ वाटली असतील तर लेखकाने ती लांबवली असतील, किंवा दोन नटांनी संवादांमध्ये नको तितके थांबे घेतले असतील. लेखकाला पहिल्या प्रकरणात कात्री लावावी लागेल. दुसऱ्या प्रकरणात त्याने चांगले प्रवेश कापले तर उलट हानी होईल.

दुसरी अडचण वेळेची. स्पर्धेची तारीख जाहीर होते, महाविद्यालयात धावपळ सुरू होते, परीक्षा आणि तालमी एकमेकींवर आदळतात. साधारण अर्ध्या ते पाऊण तासाची एकांकिका काही आठवड्यांत लिहून, बसवून सादर होते. असे घाईत घडलेले काम कच्चे असणारच. ते कच्चे आहे, हे सांगण्यात परीक्षकाची बुद्धिमत्ता दिसत नाही. त्या कच्च्या कामात जपण्यासारखे काय आहे, हे हेरण्यात ती दिसते.

खेळ रचणाऱ्यांची रीत

हीच अडचण जगात एका अगदी वेगळ्या वर्तुळातील हौशी मंडळींनाही भेडसावते. अमेरिकेत १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला आणि टेबलाभोवती बसून खेळावयाच्या भूमिकानाट्याचा नवा प्रकार रूढ झाला. चार-पाच जण एकत्र बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र होतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, पात्रे काय करतात ते खेळाडू ठरवतात आणि शंकास्पद गोष्टींचा निकाल फाशांवर लागतो. सूत्रधाराच्या हाती असलेल्या कथेच्या आराखड्यात जागा, माणसे, संकटे आणि गुपिते लिहिलेली असतात. शेवट मात्र लिहिलेला नसतो.

असे आराखडे लिहिणाऱ्या हौशी लेखकांच्या स्पर्धा भरतात. ठरावीक विषय आणि ठरावीक मुदत देऊन खेळ रचण्याच्या अशा उपक्रमाला 'गेम जॅम' म्हणतात. संगणकीय खेळांसाठी 'लुडम डेअर' २००२ पासून आणि 'ग्लोबल गेम जॅम' २००९ पासून भरू लागला. टेबलावरच्या खेळांसाठी २००९ मध्ये सुरू झालेल्या 'वन पेज डंजन' स्पर्धेत तर संपूर्ण साहस एका पानात बसवायचे असते. या मंडळींची मुदत कधी दोन दिवसांची, कधी महिन्याची. म्हणजे आपल्या एकांकिकावाल्यांसारखीच घाई, तसेच कच्चे काम आणि तशीच दुसऱ्याच्या तोंडून जिवंत होणारी संहिता.

या वर्तुळातील दोन सवयी आपल्या उपयोगाच्या आहेत. पहिली अशी, की अभिप्राय देणाऱ्याने आराखडा नुसता वाचला की प्रत्यक्ष खेळून पाहिला, हे आधी सांगणे चांगले समजले जाते. वाचणाऱ्याला भाषा दिसते. खेळणाऱ्याला कळते, की दुसऱ्या दालनात पोहोचल्यावर पुढे काय करावे हे कोणालाच सुचले नाही आणि अर्धा तास वाया गेला. हे दोष निराळ्या जातीचे आहेत. दुसरी सवय परस्पर देवाणघेवाणीची. अनेक जॅममध्ये सहभागी लेखकच एकमेकांचे खेळ पाहतात. 'लुडम डेअर'मध्ये तर इतरांच्या खेळांना गुण आणि अभिप्राय देणाऱ्याचा खेळ अधिक लोकांपुढे आणला जातो. दुसऱ्याचे काम लक्ष देऊन पाहणे हा तेथे स्पर्धेचाच भाग मानला जातो. आपल्याकडे बहुतेक संघ आपला प्रयोग आटोपला, की नेपथ्य टेम्पोत भरून निघून जातात. इतर संघांची एकांकिका न पाहताच दुसऱ्या दिवशी निकालावर वाद घालतात.

चार पायऱ्या

अभिप्रायाची शिस्त कशी असावी, याचा एक चांगला नमुना नृत्याच्या क्षेत्रातून आला आहे. लिझ लर्मन या अमेरिकी नृत्यदिग्दर्शिकेने १९९० च्या सुमारास ही पद्धत विकसित केली आणि पुढे नाटक, लेखन, शिक्षण अशा अनेक क्षेत्रांत ती वापरली गेली. तीत तीन भूमिका असतात. कलावंत, प्रतिसाद देणारे आणि चर्चा रुळावर ठेवणारा मध्यस्थ. चर्चा चार पायऱ्यांनी होते.

पहिल्या पायरीवर पाहणाऱ्यांनी आपल्याला काय भिडले, काय लक्षात राहिले, एवढेच सांगायचे. दुसऱ्या पायरीवर कलावंत प्रश्न विचारतो. तिसऱ्या पायरीवर पाहणारे प्रश्न विचारतात. पण त्या प्रश्नांत मत दडलेले असता कामा नये. चौथ्या पायरीवर मत मांडायचे, तेही कलावंताची परवानगी घेऊन. अमुक बाबतीत माझे एक मत आहे, ऐकायचे आहे का, असे आधी विचारायचे. कलावंत नको म्हणू शकतो.

हे वाचून कोणाला वाटेल, की ही सारी गोड बोलण्याची तऱ्हा आहे. तसे नाही. या क्रमामागे व्यवहारी कारण आहे. आपण काय साधू पाहत होतो आणि समोरच्यापर्यंत काय पोहोचले, यातले अंतर लेखकाला पहिल्या तीन पायऱ्यांवर स्वतःच दिसू लागते. त्यानंतर आलेले परखड मत तो अपमान म्हणून ऐकत नाही. आधीच दिसलेल्या अंतराचे माप म्हणून ऐकतो. उलट पहिल्याच वाक्यात मत आदळले, की लेखक बचावाला उभा राहतो आणि उरलेला अर्धा तास वकिलीत जातो.

तिसरी पायरी सर्वांत कठीण. शेवट इतका भडक का केला, हा प्रश्न नव्हे. ते प्रश्नचिन्ह लावलेले मत आहे. पडदा पडताना प्रेक्षक कोणत्या मनःस्थितीत असावा असे तुम्हाला वाटते, हा खरा प्रश्न. पहिल्याला उत्तर देताना लेखक समर्थन करतो. दुसऱ्याला उत्तर देताना विचार करतो.

एक उदाहरण

समजा, निफाड तालुक्यातील द्राक्षबागायतदाराच्या घरावरची एक एकांकिका आहे. गारपिटीनंतरची रात्र. बाग आडवी झाली आहे. सातपूरच्या कारखान्यात नोकरी करणारा थोरला मुलगा घरी आला आहे. वडील काही बोलत नाहीत. धाकटी मुलगी आईच्या दागिन्यांचा डबा उघडते, आत काही नाही, आणि ती डबा पुन्हा बंद करून ठेवते. पुढे भावाबहिणीचे भांडण, पूर्वस्मृतीचा एक प्रवेश आणि शेवटी वडिलांचे दीर्घ स्वगत. त्यामागे चढत जाणारे संगीत आणि काळोख.

अशा एकांकिकेवर सहसा कोणते शेरे मिळतात? विषय चांगला, मांडणी विस्कळीत. शेवट प्रचारकी. अजून वाचन वाढवा. हे शेरे खोटे नसतील. पण ते घेऊन लेखक टेबलाशी बसला, तर पेन कुठे टेकवायचे हे त्याला कळणार नाही.

आता हेच वेगळ्या रीतीने सांगता येईल. मुलीने रिकामा डबा बंद केला त्या क्षणी प्रेक्षागृह शांत झाले; घराची अवस्था तिथे एकाही शब्दाविना कळली. त्यानंतर डबा परत आला नाही, त्याची वाट पाहत होतो. जमीन विकायचे ठरले आहे, हे थोरल्या भावाने सांगेपर्यंत कळले नाही, त्यामुळे आधीचे भांडण कशावरून चालले आहे याचा अंदाज येत नव्हता. वडिलांच्या स्वगतात त्यांनी जे सांगितले, ते त्यांच्या गप्प बसण्यातून आधीच पोहोचले होते. आणि एक प्रश्न: ही गोष्ट वडिलांची आहे की मुलीची?

या अभिप्रायात स्तुती आहे आणि दोषही आहेत. परंतु प्रत्येक वाक्य एका जागेकडे बोट दाखवते. डबा, भांडण, स्वगत. लेखकाला तीन ठिकाणे मिळाली आणि एक मोठा प्रश्न मिळाला. उत्तर मात्र मिळाले नाही. शेवट असा बदल, असे सांगितले असते तर दुसऱ्याची एकांकिका लिहून झाली असती. अनुभवी परीक्षकांना हा मोह फार होतो, कारण त्यांना उपाय लगेच सुचतो. पण प्रेक्षक म्हणून कुठे लक्ष ढळले, हे सांगणे हा त्यांचा अधिकार आहे; ते कसे दुरुस्त करायचे, हा लेखकाचा.

यातली स्तुतीही पाहण्यासारखी आहे. छान झाले, ही शाबासकी. डब्याच्या क्षणी प्रेक्षागृह शांत झाले, ही माहिती. आपले बलस्थान कोणते, हे नवोदिताला बहुधा ठाऊक नसते. त्यामुळे फेरलेखनात तो कधी कधी नेमका तोच क्षण कापतो. अभिप्रायातील कौतुकाचे खरे काम लेखकाला हा क्षण राखून ठेवायला सांगणे हे आहे.

बोलीचा प्रश्न

नाशिक जिल्ह्यात या विषयाला आणखी एक पदर आहे. बागलाण, मालेगाव, कळवण या भागांतून येणारी मुले अहिराणीत लिहू पाहतात. पेठ, सुरगाण्याकडची बोली पुन्हा निराळी. प्रमाण मराठीची सवय असलेल्या परीक्षकाला काही संवाद कळत नाहीत आणि शेऱ्यात उच्चार अस्पष्ट असे लिहिले जाते. नटाचे शब्द गिळले गेले, की शब्द स्पष्ट होते पण परीक्षकाला ते अपरिचित होते, हे वेगळे करायलाच हवे. पहिला दोष तालमीत सुधारतो. दुसरा दोषच नव्हे. तो दोष म्हणून सांगितला गेला, तर पुढच्या वर्षी ते पोर पुस्तकी भाषेत लिहील आणि त्याच्या पात्रांचा श्वासच जाईल. अशा वेळी परीक्षकाने प्रामाणिकपणे एवढेच सांगावे, की मला ही बोली पुरती येत नाही. अमुक प्रवेशात शब्द कळले नाहीत तरी भाव पोहोचला, अमुक प्रवेशात मात्र कथानकाचा दुवा सुटला. या माहितीवरून काय करायचे ते लेखक ठरवू शकतो.

ऐकणाऱ्याचीही जबाबदारी

अभिप्राय देणे ही कला असेल, तर घेणे हीही आहे. ऐकताना स्पष्टीकरण देऊ नये. आमचा दिवा ऐन वेळी गेला, मुख्य नट आजारी पडला, ही कारणे खरी असली तरी ती सांगण्यात वेळ गेला की ऐकणे थांबते. शक्यतो संघातील एकाने सारे लिहून घ्यावे, कारण प्रयोगानंतर लेखकाच्या डोक्यात फारसे काही शिरत नाही. दोन-चार दिवसांनी ते कागद पुन्हा वाचावेत. तीन वेगवेगळ्या माणसांनी एकाच जागेवर बोट ठेवले असेल, तर तिथे काहीतरी बिघडले आहे हे नक्की समजावे, भले तिघांनी सुचवलेले उपाय वेगवेगळे असोत. एकाच माणसाला खटकलेली गोष्ट तपासून पाहावी; पटली नाही तर सोडून द्यावी. प्रत्येक सूचना मानणारा लेखक अखेर कोणाचीच नसलेली एकांकिका लिहितो.

संयोजकांना काय करता येईल

यातील बऱ्याच गोष्टींना पैसा लागत नाही. निकालाआधी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक संघाशी परीक्षकांचे पंधरा मिनिटे बोलणे ठेवता येते. परीक्षकांच्या गुणपत्रिकेत आकड्यांच्या शेजारी दोन रिकाम्या ओळी ठेवता येतात: कोणता क्षण लक्षात राहिला आणि कुठे लक्ष ढळले. ते कागद संघांच्या हाती द्यावेत. प्राथमिक फेरीतून पुढे न गेलेल्या संघांसाठी तर हे अधिकच आवश्यक आहे, कारण पुढे गेलेल्यांना अंतिम फेरीत सुधारण्याची संधी मिळते. मागे राहिलेल्यांची संहिता तिथेच मिटते. प्रत्येक संघाने किमान दुसरी एक एकांकिका पाहून तिच्यावर लेखी प्रतिसाद द्यावा, अशी अटही घालता येईल. दुसऱ्याच्या एकांकिकेत कुठे लक्ष ढळले हे शोधण्याची सवय लागली, की स्वतःची संहिता वाचतानाही डोळे तसेच चालू लागतात.

नाटक लिहिणारी माणसे कमी झाली, नव्या संहिता मिळत नाहीत, अशी तक्रार नाट्यवर्तुळात नेहमी ऐकू येते. ती खरी असेल तर तिचे एक कारण आपल्या स्पर्धांच्या ग्रीनरूममध्येही शोधावे लागेल. कादवाकाठच्या किंवा मोसमकाठच्या एखाद्या गावातून आलेली मुलगी पहिली एकांकिका घेऊन येते, पारितोषिक मिळत नाही आणि ती परतीच्या बसमध्ये बसते. तिच्या पिशवीतल्या कागदावर "अजून वाचन वाढवा" असे लिहिले आहे, की तिसऱ्या प्रवेशातील डबा परत का आला नाही असे विचारले आहे, यावर पुढच्या वर्षीच्या प्रवेशिकेत तिचे नाव असेल की नाही, हे बऱ्याच अंशी अवलंबून राहील.